डोंग्यातली पुढची सीट

नवरा निवृत्त झाला आणि त्याने घरी डोंगा आणला. तिथून पुढं, लग्नापासून आम्ही नीट झाकून ठेवलेली एक गोष्ट उघडी पडायला लागली.

डोंगा हा आपला आमच्याकडचा शब्द. खरं तर ती कनू होती, दोघांनी एकापुढे एक बसून वल्हवायची अरुंद, लांबट, फायबरची नाव. कुठल्याशा रिसॉर्टनं मागवलेली आणि मग सोडवूनच न नेलेली. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कूलरच्या खोक्यांमागं ती उभी करून ठेवली होती, आणि गोदामवाला नवऱ्याच्या ओळखीचा निघाला. एका रविवारी छोट्या टेम्पोवर दोरीनं बांधून, पुढचं टोक ड्रायव्हरच्या डोक्यावरून बाहेर काढून, ती अमरावती रोडनं आमच्या घरी आली. लेआउटमधली, म्हणजे आमच्या कॉलनीतली, अर्धी माणसं फाटकाशी जमली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे पाण्याची टाकी हाय का वं?" मी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

नवऱ्याचं गाव कन्हान नदीच्या पलीकडे. गावाला जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातला, तलाव आहे, त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, तो लहानाचा मोठा झाला. नोकरीभर त्याने सरकारी कचेरीत बसून कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले, सगळे दुसऱ्यांच्या पाण्याचे. आता त्याला स्वतःच्या गावच्या पाण्यात जायचं होतं, आणि तेही माझ्यासोबत. भावासोबत जा म्हटलं तर ऐकेना. "आपल्या दोघांसाठी आणला," म्हणायचा. आमच्या दोघांचं असं फारसं काही नव्हतंच. त्याची कचेरी, माझी बँक, मध्ये मुलीच्या परीक्षा. मुलगी लग्न होऊन गेली आणि संध्याकाळी समोरासमोर बसून काय बोलायचं हा प्रश्न पडायला लागला. म्हणून मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

अंगणात डोंगा ठेवून तो त्यात बसून बघायला लागला. मागे बसणारा दिशा सांभाळतो, त्याला पाय पसरायला ऐसपैस जागा. पुढं मात्र नाव निमुळती होत जाते, आणि टोकात ती बुडू नये म्हणून हवेची बंद पेटी बसवलेली असते. पुढच्या माणसाचे पाय त्या पेटीला जाऊन टेकतात. पुढं मी बसणार हे कोणी ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. स्कूटरवर मी मागे बसते म्हणून डोंग्यात पुढं. दोन्हीकडे चालवणारा तो.

"पुढची सीट जराशी मागे घ्यावी लागते," तो म्हणाला. "नकाशा काढतो पहिले. तुझी उंची किती वं?"

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "पाच पाच."

"अन् माझी पाच सहा," तो म्हणाला आणि लिहून घेतलं.

आता हे सांगायलाच हवं. मी पाच फूट आठ इंच आहे. नवरा पाच पाच आहे. आम्ही दोघांनी सांगितलेले आकडे आमच्या लग्नाच्या बायोडेटातले होते. माझे तीन इंच माझ्या बाबांनी खाल्ले, त्याचा एक इंच त्याच्या मामांनी वाढवला. लग्न जमवताना सगळेच असं करतात. पण बाकीच्यांना पुढं त्या आकड्यांवरून सीट बसवावी लागत नाही.

बाबांचा कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा व्यापार. मालाची छाटणी करताना ते फार मोठं फळ बाजूला टाकायचे. म्हणायचे, "हे नुसतंच फुगलं, आतून कोरडं निघते." मी शाळेतून आले की तिथं खोक्यांवर बसून ऐकायची. ते संत्र्याबद्दल बोलत होते हे मला कळत होतं, तरी त्या वयात सगळं आपल्यालाच म्हटलेलं वाटतं. घरी येणाऱ्या बाईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाप्पा बाप्पा, केवढी वाढली वं ही पोट्टी!" आणि दुसरं आईकडे बघून, "आता इच्यासाठी पोट्टा कुठून आणान?" मी खांदे पाडून, वाकून चालायला लागले. पाठीला पोक आलं ते तेव्हाच. बँकेची नोकरी मला आवडली त्याचं खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं. काउंटरमागं बसलेल्या बाईची उंची कोणाला दिसत नाही.

लग्नात मावशीनं कानात सांगितलं, शालूच्या आत गुडघे वाकवून उभी राहा. तिकडे त्याच्या मामांनी त्याच्या पाटाखाली दुसरा पाट सरकवला. आमच्या लग्नाच्या फोटोत मी खुर्चीवर बसलेली आहे आणि तो शेजारी उभा आहे. फोटो अजून हॉलमध्ये आहे, येणारे जाणारे जोडा शोभतो म्हणतात. त्यानंतर या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. चालताना तो फुटपाथवर, मी खाली रस्त्यावर. कोणी फोटोसाठी फोन वर केला की मी आधी बसायला जागा शोधते. वाकून चालू नको असं तो मला कधी म्हणाला नाही, आणि बुटांत टाचेखाली फोमचे तुकडे घालू नका असं मी त्याला कधी म्हणाले नाही. यालाच आम्ही एकमेकांना सांभाळून घेणं म्हणत होतो.

तर त्या बायोडेटावरून नवऱ्याने नकाशा काढला. पाच पाचची बाई, तिची मांडी एवढी, नडगी एवढी, मधल्या आडव्या दांड्यापासून सीट एवढ्यावर. ड्रिलनं भोकं पाडली, सीट मागे घेतली, बोल्ट कसले, जुनी भोकं बुजवून त्यावर रंगाचा हात मारला. काम इतकं सुरेख झालं होतं की मला बघवेना. "बसून पाहा ना," तो म्हणाला. फाटकाशी माणसं होतीच. त्यांच्यासमोर त्या खोबणीत पाय कोंबायचं माझ्या जिवावर आलं.

"बरोबरच असणार," मी म्हणाले. "तुम्ही केलं म्हणजे."

तो खूश झाला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

दिवाळीनंतर आम्ही डोंगा गावाला नेला. तलाव काठोकाठ भरलेला होता आणि पाळीवर सगळी भावकी जमली होती. माझ्या धाकट्या जावेनं डोंग्याच्या टोकाला हळदकुंकू लावलं, दिरानं नारळ फोडला. मी पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून पुढं बसले आणि बसल्याबरोबर माझे गुडघे हनुवटीला आले. पाय सरळ करावे तर समोर पेटी. मुडपावे तर गुडघे दोन्ही काठांच्या वर. वल्हं मारलं की ते आधी गुडघ्यावर आपटायचं आणि मग पाण्यात जायचं. वजनानंही मी नवऱ्यापेक्षा भारी. पुढचं टोक खाली दबलं, आणि तो जिथं दिशा सांभाळायला बसला होता ते मागचं टोक पाण्याच्या वर आलं. डोंगा सरळ जाईचना. आम्ही त्या पाळीसमोर, सगळ्यांना दिसेल अशा बेताने, गोल गोल फिरत राहिलो.

"जराशी मागे सरक," तो म्हणाला.

"कुठं सरकू?"

"मग पाय आत घे."

"कुठं आत घेऊ? तुम्हीच सांगा!"

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. "बाईचे गुडघे पाहा वं, टोळावानी!" जाऊ कोणाला तरी सांगत होती आणि पाळीवरच्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. काठाला लागेपर्यंत माझे पाय बधिर झाले होते, उठताच येईना. शेवटी दीर आणि जाऊ दोघांनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. पाय आखडल्यामुळे गुडघे वाकवायचं भान राहिलं नाही, मी सरळच्या सरळ उभी राहिले. नवरा माझ्या शेजारी, चिखलात, अनवाणी. फोमचे तुकडे बुटांत आणि बूट काठावर. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. खाली हसऱ्या तोंडांची रांग. एका पुतण्यानं विचारलं होतं, काका खड्ड्यात उभे आहेत का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी स्वतःची लाज मला पाठ आहे, तिचं काय करायचं ते मला माहीत आहे. पण नवऱ्याची लाज मी पहिल्यांदा पाहत होते. सोफ्यावर बसून तो फोटो दोन बोटांनी मोठा करत होता, लहान करत होता, परत मोठा करत होता. मग त्याने फोन पालथा ठेवला, जेवायला बसला आणि वरणाला मीठ कमी आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की मला पाण्याची भीती वाटते.

"कालपर्यंत तं नव्हती," तो म्हणाला.

"आता वाटते."

"सीट अजून मागे घेतो ना. हिशेब चुकला असंन माझा."

हिशेब चुकलाच नव्हता. त्याला मिळालेला आकडा खोटा होता, आणि तो मी दिला होता. मी तेव्हा तीन इंच उच्चारले असते तर काम तिथंच संपत होतं. तोंड उघडलं, आणि "तुम्हाले कायले त्रास" एवढंच बाहेर पडलं. ज्या माणसासोबत अख्खा संसार केला त्याला आपली उंची सांगता येऊ नये, हे लिहितानाही माझे कान तापतात.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी गच्चीवर गेले तर नवरा दोरीजवळ उभा होता. दोरीवर माझे परकर वाळत होते. त्याच्या हातात स्टीलचा टेप होता. एका परकराच्या नेफ्याला त्याने टेपचं टोक लावलं, काठापर्यंत सरळ ताणलं, वाकून आकडा वाचला आणि तो स्वतःशीच पुटपुटला. मग टेप खिशात घातला आणि परकराचा सुटलेला चिमटा परत नीट लावला. मी जिन्यातच थांबले होते. त्याला मी दिसले नाही. बायकोला विचारता येत नाही म्हणून हा माणूस तिचा परकर मोजतो. लाज इतकी झाली की तिचा राग झाला. मी खाली गेले, आणि त्या दिवसापासून परकर न्हाणीघरातल्या दांडीवर वाळत घालायला लागले. रिकामी दोरी पाहून तो खाली आला आणि पेपर घेऊन बसला. त्याला कळलं होतं हे मला कळलं, आणि ते जास्त वाईट होतं.

पोर्चमधून ड्रिलचा आवाज आला की मी मिक्सर लावायची. त्याने पुढची सीट आणखी मागे घेतली, जवळजवळ मधोमध आणली. आडवा दांडा सरकवला, मागची सीट थोडी पुढं घेतली. बसून पाहा असं मात्र या वेळी म्हणाला नाही. डोंग्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. तो सकाळी फिरायला एकटा जायला लागला. चहा पिताना मी काही बोलले तर हं म्हणायचा. एक दिवस पेपरमागून म्हणाला, "विकून टाकतो. जागा अडून राहिली."

"तुमची मर्जी," मी म्हणाले.

बघायला एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याने ताडपत्री काढून धूळ पुसली आणि दोघांना डोंगा चहूबाजूंनी दाखवला. मी आत चहा गाळत होते, स्वयंपाकघराचं दार पोर्चकडे उघडतं.

"काका, समोरची सीट एवढी मागे काहून घेतली?" त्या मुलानं विचारलं.

आता हा म्हणेल, आधीपासूनच तशी होती. त्याच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

"माझी मिसेस उंच आहे," नवरा म्हणाला. "माझ्याहून तीन इंचानं. मी पाच पाच, ते पाच आठ. तिच्या पायाच्या हिशेबानं बसवली."

चहा कपाबाहेर ओट्यावर सांडला. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्याच्यासाठी वाकते आहे. त्याची मान खाली जाऊ नये म्हणून माझी खाली. आणि तो तिथं दोन परक्या माणसांसमोर, आवाजही न बदलता, एकटा खरं बोलून मोकळा झाला होता. मी दाराआड, गाळणी हातात घेऊन. उंचीची लाज मला नवी नव्हती. ही लाज नवी होती, आणि ती सहन होईना.

ट्रे घेऊन मी बाहेर गेले, पाठ सरळ करून. ती मुलगी वर बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघालंच, "बाप्पा!" मी ट्रे तिच्या हातात दिला.

"डोंगा विकायचा नाही," मी म्हणाले.

"काहून?" हे नवऱ्याने विचारलं.

"मी बसून पाहिलं नाही अजून."

आणि त्या दोघांसमोर, फाटकावरून डोकावणाऱ्या काकूंसमोर, साडी सावरून मी त्या कोरड्या डोंग्यात पुढं जाऊन बसले. पाय सोडले. पेटीला तळवे टेकले आणि गुडघ्यांना हवा तेवढा बाक राहिला. चपखल बसले होते. नवरा उकिडवा बसून माझ्या पायांकडे बघत होता, मग त्याचा चेहरा पडला.

"पाय बसले," तो म्हणाला. "पण वजन..."

"बोला. वजनाचं काय?"

"तू पुढं बसली की टोक दबतेच. किती बी सरकवलं तरी दबते. तू मागे पाहिजे अन् मी पुढं."

"हे केव्हा समजलं तुम्हाले?"

"पहिल्याच दिवशी." त्याने टेप खिशातून काढला आणि परत खिशात घातला. "पण तुले कसं सांगू, तू भारी आहे म्हणून?"

त्या मुलाला हसू आवरेना. आम्ही त्यांना चहा पाजून, माफी मागून वाटेला लावलं.

रात्री जेवताना मी विचारलंच, "अन् उंचीचं? परकर मोजला तेव्हा समजलं?"

तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "लग्नात," म्हणाला. "मंगलाष्टकं लंबली होती ना. तू थकून सरळ झाली. अंतरपाटाच्या वरून तुझे डोळे दिसून राहिले होते."

दोन पाटांवर उभा राहून तो मला बघत होता, आणि मला वाटत होतं मी झाकलेली आहे. मी त्याला वरण वाढलं.

पुढच्या रविवारी आम्ही परत गावाला गेलो. पाळीवर परत सगळे होतेच, त्यांना बातमी लागायला वेळ लागत नाही. या वेळी नवरा पुढं बसला. त्याचे पाय पेटीपर्यंत पोचेनात, त्याने मध्ये एक वीट ठेवून घेतली. मी मागे बसले.

"बाई, आज मागे काहून बसल्या?" जावेनं ओरडून विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"मी उंच हाय म्हणून!" मी ओरडले. "अन् भारी बी हाय!"

हशा उसळला. माझे कान व्हायचे तेवढे गरम झाले. लाज काही एका वाक्यानं जात नाही, ती आली आणि माझ्याबरोबर डोंग्यात बसली. पण डोंगा आडवा झाला नाही. दिशा सांभाळायचं मला ठाऊक नव्हतं, मी डोंगा कधी झाडीत घालायची, कधी पाळीकडे न्यायची, आणि नवरा पुढून नुसता हाताने डावीकडे, उजवीकडे दाखवायचा. हळूहळू पाळीवरचे आवाज मागे पडले.

पाय अवघडले तसा मी एक लांब केला. दोन्ही सीट माझ्याच मापासाठी मध्याकडे सरकवलेल्या, त्यामुळे अंतर फार नव्हतं. माझा अंगठा जाऊन नवऱ्याच्या पाठीला लागला. मी चटकन पाय ओढला, वल्हं मांडीवर टाकलं, पुढं वाकून त्याच्या पाठीला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. नवऱ्याला पाय लागला की आम्ही असंच करतो.

"पाय लागला," मी म्हणाले.

"राहू दे," तो मागे न बघता म्हणाला.

"चुकून लागला हो."

"राहू दे म्हटलं ना. पाठीले आधार होते."

मी पाय परत तिथं टेकवला. शर्ट घामानं ओला होता आणि वल्हं मारताना त्याखालची पाठ हलत होती. मग मी दुसराही पाय सरळ केला.